नाव राहू द्या, तारीख लिहून घ्या

फोन नईमभाईंच्या नंबरवरून आला होता, म्हणून मी नेहमीच्याच सुरात उचलला. फुलंब्रीला चुलत भावाच्या पोरीची हळद होती. मांडववाल्यानं बांबू कमी आणले होते आणि मी त्याच्याशी तावातावानं भांडत होतो. सकाळची सव्वादहाची वेळ. या वेळेला नईमभाईंचा फोन आला की तो कुठल्या तरी वेबसाइटचं सर्टिफिकेट संपत आल्याचाच असायचा, दुसरं काही नाही. मी ओरडूनच विचारलं, "बोला साहेब, आज कुणाच्या नावानं शंख?" पलीकडून त्यांच्या बायकोचा, शाहीनभाभींचा आवाज आला, "गजूभाई... तुमचे भाई गेले. नाश्त्याला बसले होते हो..." मी तिथंच बांबूंच्या ढिगावर बसलो. मांडववाला घाबरून पाणी घेऊन आला. त्याला वाटलं, भांडणानंच मला काही झालं.

पाच आठवडे झाले या गोष्टीला. आपल्या तोंडून त्यांच्या घरात गेलेलं ते शेवटचं वाक्य रोज आठवतं आणि रोज लाज वाटते. पण त्याहून मोठी एक लाज सात वर्षं माझ्याजवळ आहे. खरं तर ती सांगायलाच मी हे लिहायला बसलोय. नईमभाईंच्या नावावर एक चूक लागलेली आहे, गावभर लागलेली आहे, आणि ती त्यांची नाही. पण आधी माणूस सांगतो. माझं पाप आहेच, ते कुठं पळून जात नाही.

नईमभाईंच्या वडिलांचं शहरात, गुलमंडीत रबरी शिक्के बनवायचं दुकान होतं. शाळांचे, सोसायट्यांचे, डॉक्टरांचे गोल-चौकोनी शिक्के. म्हातारबुवा असे काटेकोर, की लेटरहेड आणल्याशिवाय, माणूस खरंच त्या संस्थेतला आहे का हे कुणाकडून तरी विचारून घेतल्याशिवाय शिक्का हातात द्यायचे नाहीत. गिऱ्हाईक चिडून शेजारच्या दुकानात जायचं. "शिक्का बनवायला दहा मिनिटं लागतात, कुणाला देतोय ते बघायला दोन दिवस," असं ते म्हणायचे, ही नईमभाईंनीच सांगितलेली गोष्ट. नईमभाई माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. मी डिप्लोमा करून फुलंब्रीहून रोज बसनं शहरात यायचो, वेबसाइटी बनवून देतो म्हणून दुकानादुकानात फिरायचो. शिक्क्याच्या दुकानातही गेलो. तिथं कोपऱ्यात एक माणूस उघड्या कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून बसलेला. मी माझं पाठ केलेलं भाषण केलं. तो माणूस मान वर न करता म्हणाला, "बनवशील रे, पण सांभाळणार कोण?" सहा महिन्यांनी आम्ही दोघांनी मिळून कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मी बनवायचो, ते सांभाळायचे.

सांभाळायचं म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. तुम्ही मोबाइलवर एखाद्या दवाखान्याची साइट उघडता, रिपोर्ट बघायला पासवर्ड टाकता, तेव्हा ती साइट खरोखर त्याच दवाखान्याची आहे, मधल्या मधे कुणी लबाड बसलेला नाही, याची हमी एक डिजिटल सर्टिफिकेट देत असतं. त्याला मुदत असते. मुदत संपली की ब्राउझर लाल अक्षरात ओरडतो, लोक घाबरून मागं फिरतात. आणि त्या सर्टिफिकेटची एक जोडीदार फाइल असते, खाजगी चावी म्हणतात तिला. सर्टिफिकेट साऱ्या जगाला दाखवायचं, चावी कुणालाही नाही. नईमभाई गिऱ्हाइकांना समजावून सांगायचे, "सही सगळ्यांना दिसते साहेब, पण सही करणारा हात कापून पाकिटात घालून पाठवता येत नाही ना?" चावी सर्व्हरवर तयार झाली, ती सर्व्हरवरच राहणार. मेलनं नाही, पेनड्राइव्हवर नाही. दुसऱ्या सर्व्हरवर लागली तर तिथं जाऊन नवी बनवायची. वाळूजला जायचं असलं तरी स्कूटर काढायचे.

त्यांच्या मोबाइलमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाचा गजर लावलेला असायचा, मुदतीच्या आधी तीस दिवस, पंधरा दिवस, सात दिवस. वेळ सकाळी दहा वाजून दहा मिनिटं. का, तर ऑफिसं दहाला उघडतात, माणसाला खुर्चीत बसायला दहा मिनिटं द्यावीत. मग फोन. "तारीख लिहून घ्या. लिहिली? आता वाचून दाखवा." मोठ्या मोठ्या डॉक्टरांनासुद्धा वाचून दाखवायला लावायचे! मला हसू यायचं आणि संतापही यायचा. मी म्हणायचो, "अहो, हे सगळं आता आपोआप नवं होतं. जग कुठं चाललंय आणि तुम्ही शाळामास्तरासारखं काय लावलंय?" ते म्हणायचे, "हौ, होऊ दे आपोआप. झालं का नाही ते बघायला तर माणूस लागतो?" एका दवाखान्याचं मी हट्टानं आपोआप करून ठेवलं. नवं सर्टिफिकेट वेळेवर आलं, फाइल जागेवर बसली, पण सर्व्हर पुन्हा सुरू करायची आज्ञा मी लिहिलीच नव्हती. सर्व्हर बिचारा जुनंच दाखवत राहिला. सकाळी दवाखान्यातून शिव्या सुरू. नईमभाईंनी दोन मिनिटांत नीट केलं आणि खाली कापडाच्या दुकानात उतरले. "शेठ, जरा तुमचा मोबाइल द्या." आपल्या मशीनवर ठीक दिसतं म्हणून त्यांचं समाधान व्हायचं नाही, परक्याच्या फोनवर बघायचे. शेठ वैतागायचा, पण द्यायचा. वर येऊन मला एवढंच म्हणाले, "चहा सांग." बोलले असते तर बरं वाटलं असतं मला.

आता तो दिवस. वाळूजच्या एका कंपनीचं काम आमच्याकडं होतं. तिला सुटे भाग पुरवणारे लहान कारखानदार एका साइटवर माल नोंदवायचे, त्यावरून गेटपास निघायचा, मग ट्रक आत. काम मिळालं होतं माझ्या साडूच्या ओळखीनं, तो तिथं खरेदी विभागात होता. कंपनीनं दुसरा सर्व्हर बसवला आणि तिथल्या साहेबांचा निरोप आला, सर्टिफिकेट पाठवा. नईमभाई जुम्म्याच्या नमाजला गेलेले. मला घाई होती. कसली? सांगायलाही शरम वाटते, क्रिकेटची मॅच होती. ऑफिसचा एक मोबाइल आम्हा दोघांत होता. त्यावरून जुन्या सर्व्हरवर शिरून मी तिथल्या सबंध फोल्डरची झिप केली आणि त्या कंपनीच्या ग्रुपवर टाकून दिली. ग्रुपवर कारखानदार, ट्रान्सपोर्टवाले, गेटवरची माणसं, शे-सव्वाशे जण. सर्टिफिकेटबरोबर चावीही गेली. मला पत्ताच नाही, मी मॅच लावून बसलो.

नईमभाई आले, टोपी खिशात ठेवता ठेवता ऑफिसचा मोबाइल बघितला. "गजू, हे काय टाकलंस?" मी म्हटलं, "सर्टिफिकेट." "उघडून बघ." मी उघडलं. आत चावीची फाइलही होती. मी ताबडतोब मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला. म्हटलं, "मिटलं. कुणी बघितलं असेल? त्यांना यातलं काय कळतं!" ते खुर्चीवर बसले. शांतपणे म्हणाले, "ज्यांच्या फोनात उतरलं त्यांच्या फोनातून गेलं का?" त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवला. "आता ही चावी आपली राहिली नाही. कंपनीची नकली साइट उभी करून कुणीही लोकांचे पासवर्ड घेऊ शकतो." मी हात जोडले. रविवारी गुपचूप बदलू, कंपनीत कुणाला कळायचं नाही, माझ्या साडूची नोकरी आहे तिथं... ते म्हणाले, "ज्यांचे पासवर्ड आहेत, त्यांना विचारून ये. ते रविवारपर्यंत थांब म्हणाले तर थांबू." आणि त्यांनी साइट बंद केली. आधी कंपनीला फोन करून सांगितलं, मग बंद केली. नवं सर्टिफिकेट देण्याआधी ते देणाऱ्या संस्थेचा माणूस कंपनीच्या लँडलाइनवर फोन करून खातरजमा करतो, आणि नेमकी शिफ्ट बदलत होती, तिथं फोन कुणी उचलेना. तीन तास गेले. गेटबाहेर ट्रकांची रांग लागली. नवं सर्टिफिकेट बसलं, जुनं रद्द झालं, नईमभाई खाली जाऊन शेठच्या मोबाइलवर बघून आले, तेव्हा कुठं ते पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी कंपनीत बोलावणं आलं. लांबलचक टेबल, पलीकडं चार-पाच जण, कडेला माझा साडू पांढराफटक पडून बसलेला. साहेबांनी विचारलं, "कुणी टाकलं ग्रुपवर?" मी बोलणार होतो, असं मी स्वतःला सात वर्षं सांगत आलोय... बोलणार नव्हतो मी. खरं तेच लिहायचं तर ते लिहितो. नईमभाईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "माझ्या हातून गेलं साहेब." काम तर गेलंच. परत येताना स्कूटरवर मी मागं बसलेलो. वाळूजजवळच्या पंढरपूर फाट्याच्या सिग्नलला मी म्हटलं, "का केलं तुम्ही असं?" ते म्हणाले, "तुझा साडू आहे तिथं. मला तिथं कोण ओळखतं?"

पण ओळखायला लागले की लोक! वाळूजमधली गोष्ट आठ दिवसांत गुलमंडीत. आधी 'चूक झाली' अशी गोष्ट होती. मग 'चावी टाकली' झाली. मग कुणीतरी आवाज खाली करून म्हणालं, "मुद्दामच केलं असेल. त्यांचा काय भरवसा?" त्यांचा म्हणजे कुणाचा, ते इथं कुणाला फोड करून सांगावं लागत नाही. नकली साइट होऊ नये म्हणून ज्या माणसानं स्वतःच्या अब्रूवर धोंडा घेतला, त्याच्याबद्दल हे! एका शाळेच्या संस्थेचे सचिव माझ्याकडं आले, खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "जाधवसर, आमच्या सर्व्हरला तुम्हीच हात लावायचा. समजलं ना काय म्हणतोय ते?" नईमभाई आतल्या खोलीत होते, मधलं दार उघडं होतं. मी मान हलवली. होय, हलवली. सचिव गेल्यावर आतून त्यांचा आवाज आला, "शाळेचं पंधरा तारखेला आहे. फोन तू कर, माझा नको."

तेव्हापासून गिऱ्हाइकांसमोर मी आणि आतल्या खोलीत ते. काम सगळं त्यांचं. लोक मला म्हणायचे, तुमची साइट कधी बंद पडत नाही बुवा, आणि मी हसून हार घालून घ्यायचो. दर ईदला त्यांच्या घरी शीरखुर्मा खायला जायचो, भाभी आग्रहानं दुसरी वाटी भरायच्या. दरवेळी निघताना ठरवायचो, आज भाभींसमोर सांगून टाकू. चपला घालताना नईमभाई म्हणायचे, "नीट जा रे, रस्ता उकरलाय." झालं. मी घरी.

ते गेल्यावर आमच्या कॉम्प्युटरवाल्या मंडळींनी शोकसभा ठेवली. बरं बोलले लोक. एक जण मात्र म्हणाला, "वाळूजचं ते प्रकरण सोडलं, तर नईमभाईंचा हात कुणी धरू शकत नव्हतं." सोडलं तर! माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी उठलो. माइक हातात घेतला. आणि काय बोललो, तर "भाई माझ्या मोठ्या भावासारखे होते." खाली बसलो. लोकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवले.

त्यांचा मोबाइल भाभींकडं आहे. गजर वाजतच राहिले. पहिल्यांदा वाजला तेव्हा भाभींनी घाबरून मला फोन केला, पडद्यावर आलेलं वाचून दाखवलं. मग ती रीतच पडली. दहा वाजून दहा मिनिटांनी तिकडं गजर, पाठोपाठ मला फोन. "गजूभाई, चहा झाला का? लिहून घ्या... दवाखाना, पंधरा दिवस." मी म्हटलं, भाभी, माझ्याकडं सगळे पासवर्ड आहेत, मी यादी केलीय, तुम्ही गजर बंद करून टाका. त्या म्हणाल्या, "राहू द्या. तेवढा वेळ घरात ते असल्यासारखं वाटतं."

मागच्या आठवड्यात असाच फोन आला. "गजूभाई, यात लिहिलंय, वाळूज, तीस दिवस, लँडलाइन. वाळूजचं काम तर तुमच्याकडं नाही ना आता?" मी कॉम्प्युटर उघडून त्या कंपनीची साइट लावली, सर्टिफिकेटची तारीख बघितली. ती बाहेरून कुणालाही दिसते. बरोबर तीस दिवस. काम गेलं, नाव गेलं, तरी हा माणूस सात वर्षं त्या तारखेवर नजर ठेवून बसला होता.

मी लँडलाइनवर फोन लावला. तिथल्या माणसानं तो एका तरुण मुलीकडं जोडून दिला, सर्व्हर आता ती बघते. तारीख सांगितल्यावर ती हसली. "सर, तुम्ही नवीन दिसताय. दरवेळी एक काका फोन करायचे. नाव विचारलं की म्हणायचे, 'नाव राहू द्या, तारीख लिहून घ्या,' आणि वाचून दाखवायला लावायचे. एकदा आम्ही खरंच विसरलो होतो, त्यांच्यामुळं वाचलो. बरे आहेत ना काका?" मग माझ्याच्यानं राहवलं नाही. काका गेले म्हणून सांगितलं, नाव सांगितलं, झिप, ग्रुप, ते लांबलचक टेबल, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सर, मी इथं दोन वर्षांपूर्वी आले. तेव्हाचे साहेब पुण्याला गेले, बाकीचेही कुणी नाहीत. हे मी कुणाला सांगू?" साडूसुद्धा तीन वर्षांपूर्वी ती नोकरी सोडून गेलाय. ज्याच्यासाठी हे सगळं झाकलं, ते कारणही उरलं नव्हतं आणि मी तसाच गप्प.

तिथून उठलो तो सरळ भाभींकडं गेलो. त्या निवडायला मेथी घेऊन बसल्या होत्या. मोबाइल फ्रिजवर चार्जिंगला. मी उभ्यानंच सांगून टाकलं, बसलो असतो तर पुन्हा शेपूट घातली असती. मला वाटलं होतं, त्यांना ठाऊक असणार. बायकोला कोण सांगत नाही? मनात कुठंतरी हेही होतं की त्या म्हणतील, जाऊ द्या भाई, आम्हाला माहीत होतं. भाभींचे हात थांबले. "म्हणजे त्यांनी नव्हतं टाकलं?" "नाही भाभी. मी टाकलं." त्या मेथीकडं बघत राहिल्या. "मी सात वर्षं त्यांना बोलले," त्या म्हणाल्या. "कुणी विचारलं, नईमभाई आता कुठं दिसत नाहीत, की मी चारचौघांत म्हणायची, दिसतील कसे, हातानं घालवलं सगळं. ते हसायचे. म्हणायचे, हौ, घालवलं... मलासुद्धा सांगितलं नाही हो त्यांनी."

मी माफी मागितली. "मला कशाला मागता?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "तुम्ही पेपरात लिहिता ना अधूनमधून? मग लिहा. त्यांचं पूर्ण नाव लिहा. तुमचंही."

तर लिहितो. वाळूजच्या कंपनीच्या सर्व्हरची चावी ग्रुपवर शेख नईमोद्दीन यांनी टाकली नव्हती. ती मी, गजानन जाधव यानं टाकली, आणि सात वर्षं ती त्यांच्या नावावर राहू दिली.

काल एका कॉलेजच्या सर्टिफिकेटचे तीस दिवस भरत होते. माझ्या यादीत ते होतंच, तरी मी दहा वाजल्यापासून फोन समोर ठेवून बसलो. दहा दहा झाले. सव्वादहा झाले. वाटलं, आता नाही येत. साडेदहाला वाजला. नंबर नईमभाईंचा, आवाज भाभींचा. ना गजूभाई, ना चहा. "कॉलेज. तीस दिवस." मी म्हटलं, "भाभी..." तोवर फोन कट झाला होता.

मी तारीख लिहून घेतली.